तोरणाखाली हात उचलायचा नाही

माझा हात लवकर उठतो. शाळेत असताना वेणी ओढणाऱ्या एका पोराच्या डोक्यात मी पाटी घातली होती, आणि कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात वाशिमच्या बसस्टँडवर एकाला चपलेनं झोडपलं. गोष्ट माझ्याआधी घरी पोचली. मला वाटलं, आता बाबा सोलून काढणार. पण ते म्हणाले, "मारलं थे ठीक. पन त्याले बोलली काय?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

बाबांनी तोंड वाकडं केलं. "मंग काय मारलं? आपल्या म्हशीनंही लाथ मारलीच असती."

बाबा हे असे. रिठदच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे, तिथं आमची थोडी शेती आणि एक बैलजोडी. सोयाबीन वितीएवढं झालं की लोक बाबांना डवरणीला, म्हणजे डवऱ्यानं तासातलं तण काढायला बोलावतात, कारण ट्रॅक्टर तासातून नीट चालत नाही आणि बाबांचे बैल एक झाड मोडत नाहीत. वर्षभर हा माणूस मुका. मायनं विचारलं तर हं, आणि लई झालं तर हूं. पण पोळ्याच्या दिवशी गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं जायचं, सजलेले बैल त्याच्याखाली रांगेत उभे राहायचे आणि बाबांचं तोंड उघडायचं. मग भल्याभल्यांना घाम फुटायचा.

आमच्याकडं पोळ्याला झडत्या म्हणतात. झडती म्हणजे तोरणाखाली मोठ्यानं म्हटलेल्या चार ओळी, त्यात कुणाची तरी हजामत केलेली असते आणि शेवटी सगळं गाव "हर हर महादेव" ओरडतं. ज्याची हजामत झाली त्यानं लगेच उलटी झडती टाकायची. सुचली नाही तर मान खाली घालून हसायचं. बाबांच्या झडत्यांनी सरपंच रडकुंडीला आलेला मी पाहिला आहे.

लहान असताना मी एकदा बाबांना विचारलं होतं, की त्यांच्यावर कुणी चिडून धावून येत नाही का? बाबा बैलांच्या शिंगांना रंग देत होते. म्हणाले, "तोरनाखाली हात उचलाचा नाई. ज्यानं हात उचलला थो हारला. अन् दुसरं आयक. झडती बरोबरीच्यावरच टाकाव. ज्याले उत्तर देता येते, त्याच्यावर. मुक्यावर टाकली त थे झडती नाई, थे दगड मारनं होय."

हे दोन नियम मी पाढ्यासारखे पाठ केले. आमच्या घरातल्या सगळ्या मारामारीचं मूळ तेच आहे.

बारावीनंतर मी इंग्रजी वाङ्मय घेतलं, आणि जोडीला माध्यम व संज्ञापन. विद्यापीठानं तो जोडविषय नुकताच सुरू केला होता. घरी कुणाला त्याचा अर्थ सांगता आला नाही. माय शेजारणीला सांगायची, "इंग्रजी अन् टीव्ही शिकून राह्यली." रोज रिठदहून एसटीनं वाशिम, आणि वर्गात गेलं की जिवाचा संताप. इंग्रजीचे सर एक परिच्छेद वाचून दाखवायचे आणि विचारायचे, लेखकाला इथं काय वाटतंय? शहरातली इंग्रजी शाळेतली पोरं फाडफाड बोलायची. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून खुसखुस व्हायची. मला उत्तर यायचं, शब्द यायचे नाहीत, आणि मुठी आवळून मी बसायची. बाबांनी मला म्हैस म्हटलं होतं ते तेव्हा खरं वाटायचं.

माध्यमाच्या मॅडम वेगळ्या होत्या. त्या फळ्यावर बोलणारा, ऐकणारा, संदेश, प्रतिसाद असं लिहून बाण काढायच्या. मी एकदा उभी राहून म्हटलं की मॅडम, हे तर आमच्या पोळ्याला होतं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. झडती म्हणजे काय ते त्यांनी मला पंधरा मिनिटं सगळ्यांसमोर सांगायला लावलं, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोच ठरवून टाकला. आमच्या गावच्या झडत्यांवर लघुपट करायचा आणि खाली इंग्रजीत ओळी द्यायच्या. इंग्रजीच्या सरांनीही मान डोलावली. माझे दोन्ही विषय पहिल्यांदाच एका ताटात जेवायला बसले.

आता मालकाबद्दल सांगते. गावात सगळ्यात जास्त जमीन ज्यांची, त्यांना सगळे मालकच म्हणतात. पोळ्याचा मान त्यांच्या घराण्याचा, म्हणजे तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जायची. पण माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मालकांनी बैल विकून दुसरा ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी मानासाठी त्यांनी बाबांची जोडी मागितली. बाबा म्हणाले, माझे बैल माझ्या हातानं जातील. मग मालकांनी शेलूबाजारकडून भाड्यानं एक जोडी आणली. उंचीपुरी, पांढरीशुभ्र, अंगावर मखमली झूल. बैल बिचारे गाव नवीन म्हणून बुजत होते.

बायका तोरणापाशी जात नाहीत, म्हणून मी शाळेच्या गच्चीवर चढले आणि तिथून फोन धरला. बाबा आपल्या बैलांपुढं उभे राहिले. पागोटं नीट केलं. खाली सगळ्यांच्या माना मालकांकडं वळल्या, कारण कुणाचा नंबर लागणार हे सगळ्यांना कळलं होतं.

"गोठा पडला खाली, ट्रॅक्टर आला दारी,
मानाच्या पोळ्यासाठी शेलूबाजारची फेरी!
बैल भाड्यानं आनले, भाड्याचीच झूल,
मालक, घरचंच हाय ना हे सोबतचं मूल?"

महादेवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. सगळं गाव हसत सुटलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू, गच्चीवर पोट धरून हसले.

मालक हसले नाहीत, पण हललेही नाहीत. त्यांचा पोरगा हलला. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, ट्रॅक्टर तोच चालवायचा. मानाच्या बैलांमागं धरायची चांदीच्या मुठीची काठी त्याच्या हातात होती. त्यानं ती दोन्ही हातांनी फिरवली आणि बाबांच्या तोंडावर हाणली.

तो आवाज गच्चीवर आला. ओलं लाकूड मोडल्यासारखा. बाबा गुडघ्यावर बसले. त्यानं दुसरी हाणली, ती खांद्यावर बसली. बाबांचे हात तोंडाकडं गेले नाहीत, ते पाठीमागं गेले, कासऱ्याकडं. बैल बिथरले होते. भाड्याची जोडी तर लोकांच्या अंगावरून उधळली. एका म्हाताऱ्याच्या पायावर खूर पडला, कुणी घुंगरमाळेत अडकून फरफटलं, आणि धुरळ्यात बाबा दिसेनासे झाले. मी कशी उतरले ते आठवत नाही. नंतर चित्रणात पाहिलं तर फोन आधी थरथरला, मग आभाळ आलं, मग नुसती माती आणि माझं ओरडणं.

बाबांपाशी पोचले तेव्हा त्यांची हनुवटी एका बाजूला लोंबत होती. तोंडातून रक्त आणि दोन दात. पागोट्याचा गोळा करून मी त्यांच्या तोंडाशी धरला, आणि मालकाच्या पोराला ज्या शिव्या दिल्या त्या आजवर कुणाला दिल्या नाहीत. बाबांनी त्या अवस्थेत माझं मनगट दाबलं. गप्प बस म्हणून.

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? सोबत आलेले गावकरी एका सुरात म्हणाले, "बैलानं शिंग मारलं." मी किंचाळले, "खोटं बोलतेत! माझ्या फोनात हाय सारं!" डॉक्टरांनी बाबांकडं पाहिलं. बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. शिंगच, म्हणाले मानेनं.

त्या दिवशी मला मालकाच्या पोराचा जेवढा राग आला, तेवढाच बाबांचा आला. आणखी खरं सांगायचं तर बाबांचा जास्त.

त्यांचा जबडा तारेनं बांधला. वरचे दात खालच्या दातांना शिवल्यासारखे. माय त्यांना गालाच्या फटीतून नळीनं वरणाचं पाणी पाजायची. मी रोज एकच भांडण काढायची, की पोलिसात चला. शेवटी एक दिवस बाबा बंद दातांमधूनच घुसमटल्या आवाजात बोलले. "थो हारला. साऱ्या गावानं पाह्यलं. मी पोलिसात गेलो, त मी हारलो."

"तुमचा जबडा फुटला, बाबा."

त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. अक्षरशः हसू. माय भांडी आदळत म्हणाली, "बैल हाकाच्या काठीले असते तसा तुमच्या जिभेलेही खिळा हाय, हे सांगजा कधी पोरीले." बाबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

कॉलेजात मी संगणकासमोर बसले आणि त्या चार ओळी इंग्रजीत करू लागले. पहिल्या दोन सोप्या. तिसरीही झाली. चौथीपाशी अडले. मराठीत ती ओळ इतकी वेगात जाते की हसू येतं आणि निघून जातं. इंग्रजीत तसं पळता येईना. सरांनी शिकवलं होतं, आधी स्वतःला विचार, हे वाक्य कुणाबद्दल आहे. मी विचारलं. पोराबद्दल आहे? मालकाबद्दल? मग दिसलं. ही ओळ ज्या माणसाबद्दल होती ते माणूस तोरणाखाली नव्हतंच. ती मालकाची बायको होती. घरात दारामागं आरतीचं ताट घेऊन उभी असणार, बैल येतील म्हणून. तिच्यावर सगळ्या गावासमोर शिंतोडा उडाला होता आणि तिला उलटी झडती टाकायची सोय नव्हती.

मी खुर्चीवर मागं रेलले. मी त्या ओळीला पोट धरून हसले होते. बाबांनी काठी खाण्याआधीच दगड मारला होता.

हे बाबांना सांगायचं म्हणून मी घरी आले, आणि त्याच दुपारी मालकाचा पोरगा आला. बाबा शेतावर जाऊन बसले होते, माय गोठ्यात. माझ्या वर्गातल्या रिठदच्या एकीनं लघुपटाबद्दल कुठंतरी सांगितलं होतं, ते त्याच्या कानावर गेलं. सोबत दोघं मोटारसायकलवर दाराशीच थांबले. हा आत आला.

"फोन दे."

"नाई देत."

"पाह्य, मी शांततेनं सांगून राह्यलो. थो व्हिडिओ बाहीर गेला त माई माय जीव देईन. तुले समजते का? तिनं तवापासून उंबरा नाई ओलांडला. बाया पान्याले जाताना आमच्या दाराकडं पाहून हासतेत."

मला समजत होतं. त्याच क्षणी त्याला म्हणता आलं असतं, मलाही तेच दिसलं, ती ओळ मी कुणाला ऐकू देणार नाही. दोन-दोन विषय शिकत होते मी, सगळे बोलण्याचेच. पण त्यानं माझा दंड धरला. मी झटकला, तर केस धरून भिंतीवर आपटलं. फोन हातातून घेतला आणि टाचेखाली चिरडला. कपाळातून गरम काहीतरी डोळ्यात आलं आणि मला सगळं लाल दिसू लागलं.

कोपऱ्यात तुतारी उभी होती, म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा ठोकलेली. बाबांनी ती आयुष्यात बैलाला टोचली नसेल. मी ती उचलली आणि फिरवली. पहिला फटका कानावर बसला. खिळ्यानं कान वरपासून खालपर्यंत फाटला. तो ओरडला, वळला, उंबऱ्यात पडला, आणि मी थांबले नाही. पाठीवर, मांडीवर, हातांवर, जिथं बसेल तिथं. त्याचे दोस्त आत यायला धजले नाहीत. माय शेणाच्या हातांनी धावत आली, तिनं मला मागून मिठी मारली तेव्हा मी थांबले. उंबरा रक्तानं चिकट झाला होता.

मला बरं वाटलं होतं. तेही लिहायला हवं. मारताना मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावातली चार जुनी माणसं आमच्या ओसरीवर बसली. मालक एका टोकाला, बाबा दुसऱ्या. फार बोलणं झालं नाही. एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "यानं जबडा फोडला, हिनं कान फाडला. फिट्टंफाट झाली. आता कोनी वर पाहू नका." मालकांनी मान हलवली. सगळे उठले. त्या एका शब्दात बाबांची सगळी जीत वाहून गेली. आमच्याही घरातून हात उठला होता.

बाबा माझ्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. त्यात नुसती निराशा होती, आणि ती पाहून माझा तोल सुटला.

"तुमी आधीच हारले होते, बाबा. काठी बसाच्या आधीच. मालकीन कुठं होती तोरनाखाली? तिले येते का उत्तर देता? तुमीच सांगतलं होतं ना मले, थे झडती नाई, थे दगड मारनं होय?"

माय म्हणाली, "पुरे व माय."

बाबा उठले आणि गोठ्यात गेले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. तारा निघाल्या, जबडा उघडला, जरा तिरका झाला पण शब्द येऊ लागले. मायशी बोलले, बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. मी भाकर वाढायची, ते खायचे. सकाळी एसटीला निघताना मी म्हणायची, बाबा, जातो मी. ते कासऱ्याची गाठ सोडत राहायचे. मी आदळआपट केली, दोन ताटल्या फोडल्या, एकदा गोठ्याच्या दारात उभी राहून ओरडले, "मारा मले, पन बोला!" बैलांनी माना वळवल्या. बाबांनी नाही. वर्गात मी आता बऱ्यापैकी इंग्रजी बोलत होते, आणि घरात ज्याच्याशी बोलायचं तो माणूस गेला होता.

चित्रणाची एक प्रत कॉलेजच्या संगणकात होती, तिच्यावरून मी लघुपट पुरा केला. चौथी ओळ कापली. काठी ठेवली. विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी पाहिलं आणि विचारलं, "इथं काहीतरी गाळलंय. हा मुलगा विनाकारण मारतोय असं दिसतं." मी म्हटलं, हो, तसंच दिसतं. ओळ ठेवली तर त्याच्या आईला पुन्हा लागेल, काढली तर तो जनावर ठरेल, आणि मला तिसरा मार्ग सापडला नाही. मॅडम खाली पाहत होत्या. गुण चांगले मिळाले. मी ते बाबांना मोठ्यानं सांगितले, पाठमोऱ्या बाबांना.

मग पुन्हा पोळा आला. आदल्या दिवशी बाबांनी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं, नेहमीसारखं. तोरणाखाली ते गेले, पण गावानं वाट पाहिली तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. मालकांनी यंदा भाड्याची जोडी आणली नव्हती. मानाची जागा रिकामीच होती.

तोरण तुटलं की बैल घरोघरी नेतात. बाया त्यांचे पाय धुतात, ओवाळतात. बाबा आमच्या घराकडं वळले नाहीत. मी दारातून पाहिलं, ते आधी मालकांच्या दारी गेले. थांबले. बराच वेळ दार बंदच. मग मालकीणबाई बाहेर आल्या, हातात तांब्या आणि ताट. त्यांनी बाबांकडं पाहिलं नाही, बैलांकडं पाहिलं. खाली बसून एकेका खुरावर पाणी घातलं, कुंकू लावलं. बाबांनी पागोटं काढून काखेत धरलं होतं. ओट्यावर फाटक्या कानाचा पोरगा उभा होता. बाबा बैल वळवून निघाले.

आमच्या दाराशी आले. मी ताट घेऊन खाली वाकले, बैलांचे पाय धुतले, आणि उठले तेव्हा बाबा थेट माझ्याकडं पाहत होते. त्यांनी पागोटं नीट केलं. जबडा तिरका झाल्यानं शब्द एका कडेनं, थुंकीसकट बाहेर आले, पण आवाज तोच होता.

"कॉलेजात शिकली बोलाची विद्या, दोन-दोन विषय घेऊन,
घरी आलेल्या पावन्याले वाटे लावलं तुतारी देऊन!
सांगा तिच्या मास्तराले, डिग्री वापस घ्या,
बोलनं काई जमलं नाई, डवऱ्यावर धाडून द्या!"

शेजारपाजारचे "हर हर महादेव" ओरडले. माय पदर तोंडाला लावून हसत होती, की रडत होती. बरोबरीच्यावरच टाकतात झडती. ज्याला उत्तर देता येतं, त्याच्यावर.

बाबा कासरा धरून उभे होते, भुवया उंचावून, माझ्या उत्तराची वाट पाहत. मी ताट खाली ठेवलं, ओले हात ओढणीला पुसले, आणि तोंड उघडलं.